बूट दिला

कामगार न्यायालयात त्यांना सगळे शब्दबाई म्हणायचे. बावीस वर्षं त्या इंग्रजी कागदांचं मराठी करून देत होत्या आणि त्यांच्या कामावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. मागे एका मोटारीच्या भांडणात दुसऱ्या कुणीतरी 'माल बुटात सापडला' असं लिहून ठेवलं होतं. "साहेब, इथे बूट म्हणजे गाडीची डिकी," असं बाईंनी सांगितल्यावर अख्खं दालन हसलं होतं.

मग ओतकामाच्या कारखान्याचं प्रकरण आलं. भट्टीवरच्या एका कामगाराच्या पायावर वितळलेलं लोखंड सांडलं आणि त्याचं डावं पाऊल कापावं लागलं. त्याचं म्हणणं, बूट फाटके होते, नवे मागून मागून सगळे थकलो. कारखान्याचं म्हणणं, नवे दिले होते, यानेच घातले नाहीत. पुरावा म्हणून मुकादमाची रोजवही आली. मुकादम परमुलखातला, म्हणून वही इंग्रजीत. तीस पानं, आणि ती उद्याच हवी होती.

बाईंनी एका तारखेखाली लिहिलं: 'बुटांसाठी सर्वांत जास्त ओरडणाऱ्याला आज बूट दिला. बाकीचे आता गप्प आहेत.'

एकच बूट कसा, अशी शंका मनाला चाटून गेली. पण मुकादमाचं इंग्रजी यथातथाच होतं, म्हणून त्यांनी ती झटकली. बूट दिले गेले आणि तक्रार मिटली, असा अर्थ निघाला आणि त्या एका ओळीवर दावा फेटाळला गेला.

सात महिन्यांनी त्या कामगाराची बायको अपिलासाठी कागदांच्या नकला न्यायला आली. बाईंच्या टेबलापाशी उभी राहून ती म्हणाली, "ताई, हे तुम्हीच लिहिलंय ना? बूट मिळाले म्हणून?"

"मुकादमाने लिहिलंय. मी फक्त मराठी केलं."

"पण बूट कुणालाच मिळाले नाहीत हो! जो मागत होता, त्याला त्याच दिवशी नारळ दिला. मग कोण तोंड उघडणार?"

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. इंग्रजीत एखाद्याला 'बूट दिला' म्हणजे कामावरून हाकलला, आपल्याकडे नारळ देतात तसा. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. पण पानभर पायताणांचाच विषय, डोळ्यांसमोर बूटच नाचत होते, आणि हात पुढे लिहीत गेला. बाकीचे गप्प होते ते समाधानाने नव्हे, भीतीने.

"बसा," त्या कशाबशा म्हणाल्या. "चूक माझी आहे."

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने नंतर त्यांना बाजूला घेतलं. "बाई, निवृत्तीला वर्ष राहिलंय. वकील शोधतील काय ते. तुम्ही कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेता?"

बाईंनी त्याच दुपारी चूक कबूल करणारा अर्ज न्यायालयाला लिहिला.

सुनावणीत कारखान्याच्या वकिलाने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "म्हणजे तुमच्या बावीस वर्षांच्या सगळ्याच कागदांवर विश्वास ठेवायचा की नाही?"

"ते न्यायालयाने ठरवावं," बाई म्हणाल्या. "ही ओळ मी चुकले, एवढं मला पक्कं माहीत आहे."

कामावरून काढलेला तो माणूस दुसऱ्या गावात विटा वाहत होता. त्याला शोधून आणला. हजेरीपटात त्याचं नाव नेमकं त्याच तारखेला लाल शाईने कापलेलं निघालं. दावा मंजूर झाला. बाईंचं नाव भाषांतरकारांच्या यादीतून वगळण्यात आलं; त्यांनी त्याविरुद्ध चकार शब्द काढला नाही.

निकालानंतर बाई त्या कामगाराच्या घरी गेल्या. दोन खोल्या, दाराशी कुबड्या टेकवलेल्या. तो खाटेवर बसून होता. त्याने आभार मानले नाहीत, रागही काढला नाही.

"इतके महिने लोक मला खोटारडा म्हणत होते," तो म्हणाला. "बूट असून घातले नाहीत, आता रडतोय, असं. माझ्या आईलाही तेच वाटायचं. ती गेल्या महिन्यात गेली."

इतकी वर्षं शब्दांवर जगलेल्या बाईंना त्या वेळी एकही सापडेना. त्याच्या बायकोने त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. बाई बसल्या.