दुपारी तेल लावून घ्यायला येणारी

गडमुडशिंगीत सुलतानबीला अजूनही सिद्दी पैलवानाची बायको म्हणूनच ओळखतात. तिचा नवरा चमन कर्नाटकातल्या हल्याळकडच्या जंगलातल्या वाडीतून कुस्ती शिकायला कोल्हापूरला आला आणि तालमीच्या मातीत असा रुळला की परत गेलाच नाही. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांमागं आफ्रिकेतून जहाजांनी आणलेले. कुणी आणले, कशाला आणले, हे घरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. चमनला त्याचं काही वाटायचंही नाही. मेहनत करून तो तालमीबाहेर उन्हात उभा राहिला की त्याची तेलकट काळी पाठ अशी लखलखायची, की रस्त्यानं जाणारी माणसं सायकलवरून उतरून बघत उभी राहायची.

सुलतानबीही त्याच वाडीतली. लग्न होऊन आली तेव्हा तिनं आईकडून तेल लावायची रीत आणली. आई सांगायची, आपली कातडी दाट, ऊन पिणारी. पण कोरडी पडली की तिच्यावर पांढरट राख उठते. म्हणून अंघोळीचं पाणी अंगावर असतानाच खोबरेल चोळायचं, कोपर-गुडघे-टाचा विसरायच्या नाहीत, आणि चोळताना त्या माणसाचं नाव मनात घ्यायचं. चमन गेल्यावर याच हातांवर तिनं घर ओढलं. गावातल्या कितीतरी बाळंतिणी तिनंच शेकल्या, तान्ही पोरं तिच्याच पायांवर न्हायली.

मुलगा फरहान ट्रकवर, सदा बाहेरगावी. सून पहिल्याच बाळंतपणात गेली. मागं राहिली इरम. नात कसली, सुलतानबीच्या हातांनीच घडवलेली पोर ती. तिच्या अंगाचा कण न् कण त्या हातांना पाठ होता. डाव्या खांद्यावर लहानपणी तव्याचा चटका बसलेला, तो व्रणसुद्धा.

इरम कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पॅकिंगला जायची. बसमध्ये एखादा नवखा तिच्या कुरळ्या केसांकडं बघून इंग्रजीत विचारायचा, तुम्ही कुठल्या देशाच्या? मग ती म्हणायची, “मुडशिंगीची हाय. सरका की पावणं, बसू द्या जरा.” सगळी बस हसायची. तीही हसायची. पण गारगोटीचं स्थळ आलं, पाहुणे पोटभर जेवले, आणि मागाहून निरोप आला की पोरगी झकास हाय, पर जरा उजळ असती तर. त्या दिवशी मात्र ती हसली नाही.

कंपनीतल्या स्वप्नालीनं तिला चेहरा उजळायच्या मलमाची एक पांढरी डबी दिली. वर नाव नाही, गाव नाही. थोड्याच आठवड्यांत इरमचा चेहरा फिकटला. मान काळी, हात काळे, आणि मध्ये तो चेहरा, कुणी आणून बसवल्यासारखा. गल्लीतल्या बायका कौतुक करू लागल्या. सुलतानबीला यातलं काही दिसलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिला माणसं म्हणजे नुसत्या सावल्या.

एका सुट्टीला तिनं इरमला पुढ्यात बसवलं, केसांत तेल घातलं, आणि बोटं कपाळावर, मग गालांवर उतरली. तिथंच थांबली. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. गार होती. सुलतानबीनं हात मागं घेतला.

“कोण हाय तू?”

“दादी, मीच की! असं काय करतीस?”

आवाज इरमचाच होता. तरी सुलतानबी पुढं कितीतरी वेळ लुगड्याला हात पुसत राहिली.

दुसऱ्याच दिवसापासून ती यायला लागली.

भर दुपारची वेळ. मागच्या दारापलीकडं ऊस, त्याची सळसळसुद्धा थांबलेली. सुलतानबी मागच्या सोप्यात चटईवर बसली होती. दारात एक सावली उभी राहिली, आत आली आणि तिच्याकडं पाठ करून चटईवर बसली. सुलतानबीनं हात पुढं केला. दाट, ऊबदार, ऊन प्यालेली कातडी. आणि डाव्या खांद्यावर चटक्याचा व्रण.

“लवकर सुटलीस व्हय गं आज?” सुलतानबीला केवढं बरं वाटलं. पोरीचं अंग कोरडं खडखडीत झालं होतं. राखच उठली असणार. तिनं वाटी ओढली आणि सावकाश चोळायला लागली, मनात नाव घेत. पोर बोलली नाही. तेल लावून झाल्यावर उठली आणि मागच्या दारानं निघून गेली.

हे रोजचं झालं. पाचव्या-सहाव्या दुपारी सुलतानबीच्या ध्यानात आलं, की हाताखालची पाठ वरखाली होत नाही. तिनं बरगड्यांवर तळवा टेकून वाट बघितली. ऊब होती, श्वास नव्हता. तरी हात काढवेना. तान्हेपणापासून चोळलेलं अंग होतं ते.

संध्याकाळी शेजारची तानाबाई दूध घेऊन आली. “सुलतानबी, इरमनं काम सोडलं का गं? रोज दुपारी उसाच्या बांधावरनं येताना दिसती. हाक मारली तर वळून बघत न्हाई. आणि तोंड पुन्हा पहिल्यासारखं काळंभोर झालंय की तिचं.”

त्याच वेळी पुढच्या दारातून इरम आत येत होती, खांद्याला पर्स, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तानाबाईनं तिच्या फिकट चेहऱ्याकडं बघितलं आणि दुधाचं भांडं तसंच ठेवून निघून गेली.

“मी तर दिवसभर कंपनीत होतो,” इरम म्हणाली. “दादी, तू कुणाला तेल लावतीस?”

“तुलाच लावतो,” सुलतानबी म्हणाली. “दुसऱ्या कुणाला लावू?”

दुसऱ्या दिवशी इरमनं रजा टाकली आणि सोप्यात भिंतीला टेकून बसली. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. दुपार भरली. गल्लीतली कुत्री गप्प झाली. सुलतानबीनं मान वर केली, “ये, बस,” म्हणाली आणि वाटीत बोटं बुडवली.

चटईवर कुणीच नव्हतं. सुलतानबीचे हात हवेतच फिरत होते. खांद्यावरून दंडावर, दंडावरून कोपराला वळसा घालून खाली. इरमला आधी रडू आलं. मग तिचं लक्ष वाटीकडं गेलं. तेल संपत आलं होतं. म्हातारीच्या बोटांतून ते ओघळत होतं आणि खाली चटई कोरडी ठाक होती.

इरम गुडघ्यांवर सरकत पुढं गेली. दादीच्या हाताशेजारी तिनं आपला हात धरला, आणि तो टेकला. ऊबदार, तेलानं बुळबुळीत खांद्यावर. अंगठ्याखाली व्रण लागला. तिनं नकळत दुसरा हात आपल्या खांद्याकडं नेला. तिथं तिचं बोट घसरलं. व्रण नव्हता. कातडी सपाट होती, पातळ होती.

तिनं दादीच्या मांडीत डोकं घातलं आणि म्हणाली, “हिला जाऊ देऊ नको.”

“मी कुठं जाऊ देतो?” सुलतानबी म्हणाली. “तूच हाकललीस तिला.”

डबी त्याच दिवशी उकिरड्यावर गेली. मग खरे हाल सुरू झाले. इरमचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला, पुरळ उठलं, उन्हात पाऊल टाकवेना. कोल्हापुरातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डबीत स्टिरॉइड होतं, चेहरा पूर्वपदावर यायला वेळ लागेल, औषध मध्येच सोडू नका. इरमनं ते नेमानं घेतलं. सुलतानबीनं तिचा चेहरा सोडून बाकी अंगाला तेल लावायला घेतलं, ओल्या अंगावर, जुन्या रीतीनं. आधी दुपारी त्या दुसरीला, मग इरमला.

महिने गेले. इरमच्या कपाळाच्या कडेनं रंग परतायला लागला, मग हनुवटीवर. खांद्यावर बोटांना पुन्हा काहीतरी खरखरीत लागू लागलं. आणि दुपारची पाठ सुलतानबीच्या हाताखाली विरळ होत चालली. आधी खांदे उरले नाहीत, मग कणा. शेवटी एका दुपारी ती चोळत राहिली आणि तेल थेट चटईवर सांडलं. सुलतानबी बराच वेळ तो डाग हातानं चाचपत बसली. कुणी मेल्यावर बसावं तशी.

इरम आता परत कंपनीत जाते. चेहऱ्याचा रंग बहुतेक परत आला. फक्त डाव्या कानाखाली रुपयाएवढा पांढुरका डाग राहिला. डॉक्टरीणबाई म्हणतात, तो तसाच राहील बहुधा. सुलतानबी तेल लावताना तेवढी जागा सोडून बोटं फिरवते.

“तिथं बी लाव की,” एकदा इरम म्हणाली.

“तेवढं तिचं हाय. जाताना तिनं नेलं. ऱ्हाऊ दे तिच्याकडं.”

इरमनं उसाच्या बांधाकडं बघितलं. “आणि ती परत आली तर?”

“आली तर बसंल चटईवर,” सुलतानबी म्हणाली. “वळ. पाठ कर इकडं.”