माझ्या पिशवीतली अंबाडी

सरांनी माझी पिशवी वर्गात टेबलावर उलटी केली. वाळलेली, चुरगळलेली पानं पसरली.

"बघा, मोलगीच्या डोंगरातून प्रॅक्टिकल आलंय."

वर्ग हसला. मागून शहाद्याची एक वर्गमैत्रीण म्हणाली, "आमले बी दे वं थोडं."

फार्मसीचं तिसरं वर्ष. त्या दिवशी माझा सेमिनार होता. गांजातली रसायनं आणि घबराट. विषय सरांनीच दिलेला. "तुमच्याकडचाच आहे," म्हणाले होते. मी मान हलवली होती. माझा शिष्यवृत्तीचा अर्ज याच सरांनी भरून दिला होता. घरात कॉलेज पाहणारी मी पहिली. त्यांच्यापुढे मान नुसती हलायची.

सुट्टीहून परतलं की वसतिगृहात फक्त डोंगरातल्या मुलींच्या पिशव्या तपासतात. वसतिगृहही याच सरांकडे; या वेळी माझी पिशवी त्यांनी थेट वर्गात आणली. आत आईने वाळवून दिलेली अंबाडी होती. आंबट भाजी. खाली सपाटीवर, प्रकाशा-शहाद्याच्या घरांतही शिजते. सरांच्याही शिजत असेल. तिथे ती अंबाडी. माझ्या पिशवीत गांजा.

"बोल आता," सर म्हणाले.

बोलले. गांजातलं टीएचसी मेंदूतल्या सीबी-वन रिसेप्टरवर जाऊन बसतं. ती जागा मेंदूच्या स्वतःच्या रसायनाची. भीती आटोक्यात ठेवायला ते लागतं. टीएचसी थोडं असलं तर एखाद्याला शांत वाटतं. जास्त झालं तर तेच भीती भडकवतं. दुसरं रसायन सीबीडी. ते त्या जागेवर धड बसत नाही. सेरोटोनिनच्या रिसेप्टरमार्फत ते घबराट कमी करत असावं, पण शोध अजून चालू आहे.

बोलताना माझी छाती धडधडत होती. तळहात ओले. दार समोर होतं आणि पाय हलत नव्हते. गांजा मी आयुष्यात पाहिलेला नाही.

संपल्यावर सरांनी एक कागद पुढे केला. लिहून तयार. 'माझ्याजवळ गांजा सापडला, मी माफी मागते.'

"सही कर. मी मिटवतो. नाहीतर वसतिगृह सोड."

"सर, लॅबमध्ये मायक्रोस्कोप आहे. पान बघा ना."

"मला शिकवतेस? तुझा अर्ज कोणी भरला?"

"तुम्ही, सर."

पेन हातात घेतलं. खोली गेली तर मोलगीहून रोज येणं शक्य नाही. म्हणजे डिग्री गेली. सही केली तर आईचं वाळवण कायमचं गांजा.

पेन ठेवलं. एक पान तोंडात टाकलं, चावलं. दुसरं त्या मैत्रिणीपुढे धरलं. "घे. मागत होतीस ना."

तिने चाखलं. खाली बघत म्हणाली, "सर, अंबाडी शे हाई."

कोणी हसलं नाही.

"सही कर," सर म्हणाले.

तेव्हा कळलं. पान कसलं आहे, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

"अर्ज भरलात, ते मी विसरणार नाही," मी म्हणाले. "सही करणार नाही."

पानं गोळा केली. एकही सोडलं नाही.

खोलीचा निर्णय अजून झालेला नाही. पुढच्या सुट्टीहूनही मी अंबाडी आणणार. पिशवीत सगळ्यात वर ठेवणार.