अठरा पावलांचा रूळ

दोन हजार एकोणीस साल. मेट तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे आणि मी त्र्याहत्तरचा. तरी चालायला निघालो की मागे मीच पडायचो. त्यांची चालच वेगळी होती. सपाट डांबरी रस्त्यावरसुद्धा ते आखूड, एकसारखी पावलं टाकायचे, रुळांखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पाय ठेवावा तशी. छत्तीस वर्षं महूच्या पुढच्या घाटात रुळांवर चालले. मग पायाला दुसरं माप येणार कुठून?

ते रेल्वेचे रूळ सांभाळणाऱ्या आमच्या गँगचे मेट, म्हणजे मुखिया, आणि मी त्यांच्या हाताखालचा गँगमन. नोकरी सुटून वीस वर्षं उलटली तरी इंदूरच्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून सगळे त्यांना मेटच म्हणायचे. माझी शाळा चौथीत सुटली, त्यांची त्याच्याही आधी. पण अख्खा घाट त्यांना पाठ होता. कुठल्या बोगद्यापासून कुठला पूल किती पावलं, हे साहेब लोक त्यांना विचारून घ्यायचे आणि वहीत लिहून आपलं म्हणून सांगायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितो.

"पायाला विचार," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. थंडीत घाटात धुकं भरलं की हातातला हातोडा दिसायचा नाही. आम्ही घाबरून उभे राहायचो आणि मेट पुढून म्हणायचे, "डोळा फसतो रे, पाय फसत नाही. चला माझ्या मागे." आणि नेमके रुळाच्या खराब सांध्यापाशी नेऊन उभे करायचे.

असा माणूस एक दिवस राजवाड्यापाशी हरवला. घर कुठलं, तेच आठवेना. दोन तास एका दुकानाच्या पायरीवर बसून होते. खिशातल्या चिठ्ठीवर मुलाचा नंबर होता, म्हणून दुकानदाराने फोन केला. मुलगा सुरेश कंपनीत नोकरीला, बापावर जीव टाकणारा. त्याने त्याच आठवड्यात घराच्या फाटकाला कुलूप घातलं आणि चावी खिशात घालून ऑफिसला जायला लागला.

मी गेलो तर मेट गजांना धरून उभे. जय भीम केला, तर म्हणाले, "सख्या, माझ्या हद्दीतलं फाटक दुसऱ्याच्या हातात गेलं बघ."

मला ते सहन झालं नाही. मी सुरेशशी भांडलो. तो शांतपणे म्हणाला, "काका, जुनं त्यांना सगळं आठवतं. नवं टिकत नाही. उद्या गाडीखाली आले तर?" म्हणणं खोटं नव्हतं, पण मी हटलो नाही. म्हटलं, घाटात आता पर्यटकांची गाडी चालते. रविवारी सगळे जाऊ. मेटनी प्रत्येक बोगदा यायच्या आधी सांगितला तर कुलूप काढायचं. नाही सांगितला तर घरात बसा, असं मी स्वतः त्यांना सांगेन. ते फक्त माझंच ऐकायचे, हे सुरेशलाही ठाऊक होतं. तो म्हणाला, "ठीक है काका."

रविवारी पाताळपाणीला गाडीत बसलो. सुरेश, सूनबाई, नात पिंकी, मेट आणि मी. पाऊस नुकताच सरला होता. तिथला धबधबा भरून कोसळत होता, डोंगर गच्च हिरवे. सूनबाईने पुऱ्या, बटाट्याची भाजी, चटणी आणि शेव घेतली होती. मेट खिडकीशी बसले, पण बाहेर बघेनात. डोळे मिटून ओठातल्या ओठात पावलं मोजत होते.

ते तीनशेपर्यंत पोचले नाहीत तोच डब्यात अंधार झाला. पोरं किंचाळली. पहिला बोगदा येऊन गेला आणि मेट मोजतच होते.

सुरेशने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. बापाला हरवून त्याला आनंद झाला नव्हता. मीही हरलो होतो, पण चेहऱ्यावर दाखवेन तर मी कसला.

मेटनी मोजणं थांबवलं. मग चपला काढल्या, अनवाणी पाय डब्याच्या फरशीवर टेकवले. खाली रुळांचे सांधे वाजत होते, खट-खट, खट-खट.

"चूक झाली," ते म्हणाले. "हा घाट मी कधी बसून उतरलोच नाही. मी चालतोय आणि गाडी पळतेय. सख्या, एका रुळाला आपली पावलं किती?"

"अठरा, मेट."

"मग एक खटका म्हणजे एक रूळ, अठरा पावलं. आता बोलू नका कुणी."

गुडघ्यावर बोट आपटत ते मोजू लागले. थोड्या वेळाने हात वर केला. "पिंकी, दहा खटके मोज." पिंकीने मोठ्याने मोजले. दहाव्याला अंधार. तिसऱ्या बोगद्याला तसंच, चौथ्यालाही तसंच. आता अख्खा डबा आमच्याकडे बघत होता. मधेच मेट म्हणाले, "सूनबाई, मांडीवरचा डबा धर. पुढं डावा रूळ खाली बसतो, हिसका येईल." तिने धरला नाही. हिसका आला आणि चटणी सुरेशच्या पांढऱ्या शर्टावर गेली. डबाभर लोक हसले आणि मी सगळ्यांत मोठ्याने. पुढे चोरल नदीचा पूलही त्यांनी आधी सांगितला, तेव्हा मागून कुणी इंदुरी थाटात म्हणालं, "वा भिया वा."

कालाकुंडला उतरलो. तिथं पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो, तो खात उभे होतो. सुरेशने खिशातून चावी काढली.

"पहिल्याला चुकले तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, काका," तो मला म्हणाला. "पण का चुकलं हे त्यांनीच शोधलं आणि तिथल्या तिथं नवा हिशेब बसवला. हे काही जुनं पाठ केलेलं नव्हतं." चावी बापापुढे धरून म्हणाला, "एकच अट, बाबा. काकांना बरोबर घेऊन जायचं."

"याला? हा मागे पडतो," मेट म्हणाले. "आणि थांब, आधी हात पुसू दे. चावी चिकट होईल."

पुढे दोन वर्षांनी मेट गेले, आपल्या घरात, आपल्या खाटेवर. तोवर नावंही त्यांना नीट आठवत नव्हती. पण फाटकाला कुलूप पुन्हा लागलं नाही, आणि माझ्या दारापलीकडे ते माझ्याशिवाय एक दिवसही गेले नाहीत. एवढं मी मिळवलं, आणि ते मी छाती काढून सांगतो.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो. गल्लीत ती आखूड, सारखी पावलं वाजली. मेट दारात उभे होते, धुतलेला सदरा घालून.

"माझ्या फाटकापासून तुझं दार एकशे चाळीस पावलं," ते म्हणाले. "चल, कोपऱ्यावरचे पोहे संपतील."

मी तोंड पुसलं, चपला घातल्या आणि त्यांच्या मागे निघालो, गँगमध्ये चालायचो तसा, चार पावलं अंतर ठेवून.