चैत्र अखेरचा कोळसा

माझ्या नोकरीत मी दरोडेखोर पकडले, खोटी नाणी पाडणारे पकडले, एका चोराला तर त्याच्याच वरातीत घोड्यावरून खाली उतरवला. त्यातलं निम्मं आता विसरलो आणि उरलेलं निम्मं थोडं वाढवून सांगतो. पण इंजिनघराच्या कोळशाची हकीकत इतकी वर्षं झाली तरी मनातून जात नाही. ती आठवली की तोंड कडू होतं, म्हणून तिला मीठमसाला लावत नाही. नावं कोणाचीच देत नाही. काहींची नातवंडं आज चांगल्या हुद्द्यांवर आहेत.

विसावं शतक नुकतंच लागलं होतं आणि मी माळव्यात धारेस फौजदार होतो. गावाबाहेर नवं इंजिनघर उभं राहिलं होतं. धारचे एक मराठी जहागीरदार आणि देवासचे एक माळवी शेठ, अशा दोघांची ती पाती, म्हणजे भागीदारी. इंजिन दिवसा कापसाची सरकी काढायचं जिन फिरवी आणि दिवेलागणीला बड्या घरांत बिजलीचे दिवे लावी. ते सुरू झालं की किल्ल्यावरची कबुतरं उडत ती थेट मांडूला जाऊन बसत, असं मी पाहुण्यांना सांगत असे आणि पाहुणे ऐकून घेत. कोळसा रेल्वेच्या ठेसनापासून बैलगाड्यांनी यायचा. वाटेत बैल खात तेवढ्या पेंडीत एक पलटण पोसली असती, म्हणून कोळशाला सोन्यासारखं जपत.

इंजिनघराचा हिशेब लिहायला एक मराठी कारकून होता. त्याला आपण पंत म्हणू. त्याचे आजोबा दफ्तरात, वडील दफ्तरात, दोन धाकटे भाऊ दरबारच्या दफ्तरात उमेदवारी करत होते. घरात लेखणीखेरीज दुसरं हत्यार नव्हतं.

खबर आणली माझ्या न्हाव्यानं. तो वस्तरा गळ्यावर टेकवूनच खबर द्यायचा, त्यामुळे त्याला मधे कोणी खोटं पाडत नसे. "साब, इंजिनघर में कोयलो कम पड्यो हे," तो म्हणाला. "देवास को शेठ फिर्याद लई ने अई रियो हे. नाम पंत को ले हे."

माझी दाढी अर्धी होते न होते तोच शेठ ठाण्यावर हजर. बरोबर त्याचा मुनीम. मुनीम म्हणजे असा माणूस, की हसला तरी दात दिसत नसत आणि रडला तरी डोळे ओले होत नसत.

फिर्याद अशी. पातीचा हिशेब दरसाल दिवाळीला व्हायचा. त्या साली शेठनं पहिल्यांदाच सहामाही हिशेब मागितला. पातीपत्रात तसं कलम होतं: सहामाही मागितल्यास चैत्र अखेरपर्यंतची द्यावी, आणि सालअखेरीला हिशेबाची जी रीत, तीच सहामाहीला. पंतानं हिशेब करून धाडला. इकडे मुनिमानं धारेस येऊन कोळशाचा ढीग स्वतः मोजला होता. मुनिमानं चैत्र अखेर मोजलेला ढीग आणि पंतानं चैत्र अखेर दाखवलेली शिल्लक, यांत गाड्यांच्या गाड्यांचा फरक. तेवढा कोळसा पंतानं विकला असता तर माळव्यातला एकूण एक लोहार चांदीच्या ऐरणीवर घाव घालता झाला असता.

मी दोन पंच घेऊन पंताच्या घराची झडती घेतली. चुलीजवळ गोवऱ्यांची रास होती. पंताची बायको पदर खोचून दारात उभी राहिली.

"नीट बघा, फौजदारसाहेब. राखेतही हात घाला."

"बाई, आम्ही आमचं काम करतो."

"करा की. घरात दगडी कोळसा असता तर मी या वयात शेण थापत बसले असते का, तेवढंही त्या पंचनाम्यात लिहा."

पंच खाली मान घालून हसले. मी ते लिहून घेतलं नाही, पण डोक्यात ठेवलं.

पंताला अटक झाली. आरोपीला मारण्याची मला कधी गरज पडली नाही. मी नुसता खाकरलो तरी दोन कोठड्यांपलीकडचे कैदी जुने गुन्हे कबूल करत. पंतापुढे मात्र माझं खाकरणं वाया गेलं.

"पंत, कोळसा गेला कुठं?"

"बॉयलरमध्ये."

"मुनिमानं पाहिला तेव्हा ढीग होता."

"ते आले तेव्हा मी कुलधर्माला गावी गेलो होतो. मी पाहिला तेव्हा होता तेवढा लिहिला."

"केव्हा पाहिला?"

"चैत्र अखेर. जबानीत आहे."

"तोही चैत्र अखेरच म्हणतो."

"मग दोघांतला एकजण खोटं बोलतोय, रावसाहेब. मी नाही."

इंजिनाचा मिस्त्री म्हणाला, रोज जेवढा कोळसा झोकला तेवढाच त्यानं लिहवला. त्यावर शेठ म्हणाला, मिस्त्री पंताला सामील आहे.

मग एके दिवशी जहागीरदार स्वतः ठाण्यावर आले. गजांपाशी खुर्ची मांडून बसले आणि गोड आवाजात म्हणाले, "पंत, कशाला त्रास करून घेता? एक कागद लिहून द्या. अफरातफर झाली, पदरात घ्यावी. शेठना मी समजावतो. आज संध्याकाळी घरी जेवायला जाल."

"सरकार, चूक झाली असं लिहून देऊ?"

"चुकीनं शेठचं समाधान व्हायचं नाही. अफरातफरच लिहावं लागेल."

"मी अफरातफर लिहिली तर उद्या माझ्या भावांच्या हातून दफ्तर काढून घेतील. पुढं आमच्या घराण्यात कोणाला साधा टाक कोणी देणार नाही. मला इथंच राहू द्या."

जहागीरदार उठले. जाताना मला म्हणाले, "फौजदार, हा फार ताठ आहे." पंताला दमा होता, तो भिंतीला धरून उभा होता. मला तो काही ताठ दिसला नाही.

गाठ सुटली ती भांडणातून. पंताची बायको रोज डबा घेऊन यायची. त्या दिवशी तिनं वरीचे तांदूळ आणले आणि पहाऱ्यावरच्या हवालदाराला म्हणाली, "आज ज्येष्ठातली संकष्टी. त्यांना उपास आहे. ठाण्याची भाकरी देऊ नका."

हवालदार पक्का माळवी. त्याचा आवाज असा, की धारेत बोलला तर धामनोदची जनावरं कान टवकारत. तो म्हणाला, "चौथ तो हे, बई. पण जेठ काँ को? असाढ लागी ग्यो."

"आषाढ कुठला आत्ताच? अजून अमावास्या जायचीय."

"थांको व्हेगा अमावस ने. म्हांको जेठ तो पूनम ने उतरी ग्यो."

"महिना काय घराघरात वेगळा असतो का, मेल्या?"

"हो बई, व्हे हे," हवालदार शांतपणे म्हणाला.

मी आत रोजनामा लिहीत होतो. ठाण्यात सगळा व्यवहार इंग्रजी तारखांचा, त्यामुळे तिथी-महिन्याकडे कोणाचं लक्ष जात नसे. माझा हात थांबला.

माळव्यात पिढ्या गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हे ठाऊक आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, माळव्याचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोघांचा एकाच नावाचा. वद्य पक्ष आला की आपला चैत्र चालूच असतो आणि शेजाऱ्याचा वैशाख लागलेला असतो. इतकं ठाऊक, की कोणी त्याचा विचारच करत नाही. दिवाळीची अमावास्या मात्र दोघांची एकच. महिन्याचं नाव कोणी काही घेवो, दिवे त्याच दिवशी लागतात. म्हणून दिवाळीचे हिशेब कधी चुकले नव्हते. चुकायला सहामाही लागली, आणि ती पहिल्यांदाच झाली होती.

मी मुनिमाची जबानी काढली. तो त्याच्या बोलीत बोलला होता, आमच्या लेखनिकानं ती मराठीत उतरवली होती. "तो नेमकं काय म्हणाला होता?" मी लेखनिकाला विचारलं.

"चैत को आखरी दन, असं म्हणाला. मी चैत्र अखेर लिहिलं. दुसरं काय लिहिणार?"

मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, "मुनीमजी हनुमान जयंतीला आले होते, साहेब. मी प्रसाद दिला त्यांना." हनुमान जयंती म्हणजे चैत्री पौर्णिमा. पंतानं मोजलं ते पुढच्या अमावास्येला. मधल्या पंधरवड्यात एका बड्या पाहुण्याचा मुक्काम होता आणि इंजिन दिवसरात्र भुकेल्या राक्षसासारखं कोळसा खात होतं. त्या पंधरवड्याचं जळण आणि फिर्यादीतला फरक यांची मी रुजवात घातली. घमेलंभरही इकडंतिकडं नाही.

मी देवासला निघालो. देवास म्हणजे एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. शेठचं दुकान थोरलीत, दुकानाची मागची वखार धाकटीत. माणूस पुढच्या दारानं निसटला तर एका राजाचा, मागच्या दारानं निसटला तर दुसऱ्याचा. मी दोन्हीकडचे अंमलदार बरोबर घेतले. ते रस्त्याच्या दोन कडांनी चालले आणि मधून मी, नवरदेवासारखा.

मुनीम गादीवर होता. त्यानं पाणी मागवलं, पान पुढे केलं.

"मुनीमजी, ढीग तुम्ही पुनवेला मोजलात."

"जी हुजूर. चैत को आखरी दन."

"पंताचा चैत्र अमावास्येला संपतो, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"जनम से मराठों के पड़ोस में रियो हूँ, हुजूर. मालूम क्यों नी रेगो?"

"मग जबानीत सांगितलं का नाही?"

"किने पूछ्यो?" मुनीम म्हणाला. "म्हने तो एक अक्षर झूठ नी बोल्यो. दस्तखत देखी लो."

आणि ते खरं होतं. त्याच्या जबानीत खोटा एक शब्द नव्हता. शेठ आतून म्हणाला, "पातीपत्र में चैत लिख्यो हे, फौजदारसाब. किसका चैत, यो थोडी लिख्यो हे. भूल तो कारकून की." सहामाहीला सालअखेरीचीच रीत, म्हणजे दिवाळीसारखी अमावास्याच, हे कलम तो सोयीनं विसरला. मग सहज सांगावं तसं सांगितलं, की त्याचा भाचा हिशेबात तयार झाला आहे आणि त्याला धारेस पाठवायचं आहे. तेव्हा मला उमगलं, ही सहामाही अचानक का हवी झाली होती.

परतताना मी मनात पेढे वाटत होतो. ठाण्यावर पाय ठेवला तर टेबलावर फिर्याद मागे घेतल्याचा अर्ज. मी देवासला असताना जहागीरदारांनी शेठशी निरोपानं मिटवून टाकलं होतं. पंताची जागा भाच्याला, आणि शेठनं तूट सोडून द्यायची. मी धावत जहागीरदारांकडे गेलो, सगळं समजावलं. ते ऐकताना सुपारी कातरत होते.

"म्हणजे कोळसा गेलाच नाही?"

"नाही, सरकार."

"छान झालं. पण आता मिटलंय. पुन्हा उकरलं तर पाती मोडेल. पंत सुटतोय ना? झालं तर."

फिर्याद नाही म्हणजे खटला नाही. खटला नाही म्हणजे निकाल नाही. माझा तपासाचा अहवाल मी वर पाठवला. 'प्रकरण मिटले' असा शेरा मारून तो परत आला.

पंताला मी सांगितलं, तुम्ही मोकळे आहात. तो कोठडीच्या कोपऱ्यात बसून राहिला.

"निर्दोष म्हणून मोकळा, की नुसता मोकळा?"

मी मागे घेतलेल्या फिर्यादीचा अर्ज त्याच्यापुढे धरला.

"मग मला बाहेर काढू नका, रावसाहेब. मला कोर्टापुढं उभं करा. मला निकाल हवा."

मोठमोठे गुन्हेगार मी कोठडीत कोंबले आहेत. कोठडीतून बाहेर काढावा लागलेला माणूस हा एकच. शेवटी हवालदारानं त्याला हळूच काखेत धरून ओट्यावर आणून बसवला आणि आत जाऊन रिकाम्या कोठडीला कुलूप लावलं. बायको न्यायला आली. एकदा माझ्याकडे बघितलं आणि रिकामा डबा उचलला. त्या बाईचं ते बघणं मला तिच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा जड गेलं.

दिवाळीला नवं पातीपत्र झालं. त्यात कलम घातलं, की सहामाही हिशेब यापुढे इंग्रजी तारखेनं व्हावा, 'कारण पूर्वीच्या कारकुनाच्या वेळी घोटाळा झाला.' वर्ष संपायच्या आत पंताच्या दोन्ही भावांची उमेदवारी बंद झाली. कोणी कारण दिलं नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली, ती पुस्तकात नव्हती. खोटं बोलणाऱ्याला पकडायला पोलीस आहेत. खरं तेवढंच बोलून माणूस बुडवणाऱ्याला पकडायचं कलम अजून कोणी लिहिलेलं नाही. आणि चोरीचा माल सापडला तर तो पावती घेऊन मालकाला परत देता येतो. माणसाची अब्रू सापडली तर ती परत करायचा अधिकार फौजदाराला नसतो.

नोकरी संपल्यावर एकदा कन्नौदला गेलो होतो. धान्याच्या बाजारात काट्यापाशी पंत बसलेला दिसला, पोत्यांची वजनं लिहीत होता. मला ओळखून उठला, नमस्कार केला. मी बाजूच्या दुकानातून कागद घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं, की माझ्या तपासात हे गृहस्थ पूर्ण निर्दोष आढळले. खाली लांबलचक सही ठोकली.

पंतानं तो कागद दोनदा वाचला, जपून घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवला.

"उपकार झाले, रावसाहेब. पण आता तुम्ही फौजदार नाही."

काट्यावर पुढचं पोतं चढलं होतं. तो लिहायला बसला.