वत्सलाबाईंची रोजची एक गोळी

दवाखान्यात केसपेपर काढता काढता किस्से इतके साठतात, की घरी भाजी निवडतानाही मी एकटीच हसत बसते. पण दोन हजार नऊच्या सुमाराचे हे किस्से आठवले, की अजून अंगावर काटा येतो.

उल्हासनगरात आमच्या सरांचा छातीच्या विकारांचा दवाखाना. कुळगावच्या वत्सलाबाईंना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. बाईंनी जन्मात बिडीला हात लावला नव्हता! मुंबईहून गाठीच्या जीनचा, म्हणजे जनुकांचा, रिपोर्ट आला. सर म्हणाले, "गाठ वाढवणारं एक बटण चालूच राहिलंय. ही गोळी तेवढंच बटण बंद करते." ॲडमिट करणार म्हणून नवरा गादी, बादली, स्टोव्ह घेऊन आलेला. हातात गोळ्यांचं एक पाकीट पडल्यावर त्याने विचारलं, बाकीचं औषध कुठाय?

*

थोड्याच दिवसांत बाईंच्या तोंडावर पुरळ उठलं. सासूबाईंनी फर्मान काढलं, "देवी आयलीय. दवा नाय द्यायची." उशाशी कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, गोळीही बंद! सर स्कूटर काढून कुळगावला गेले आणि पुरळ पाहून चक्क खूश झाले. गोळी लागू पडली की बरेचदा असं होतं, म्हणाले. सासूबाईंनी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टर शुद्धीवर आहे ना? शेवटी पाला उशाशीच राहिला आणि गोळी सुरू झाली.

*

उल्हासनगरातल्याच कॅम्प एकचे कापडवाले शेठजी, आजार तोच. त्यांनाही हीच गोळी हवी होती, पण त्यांच्या रिपोर्टमध्ये ते बटण चालू ठेवणारा जीनमधला बदल नव्हता. "फिरसे तपासा, साहेब. माझ्यात पण बटण असेल." सरांनी पुन्हा तपासायला पाठवलं. नव्हताच. शेठजींची सलाईनमधून केमो चालू राहिली.

*

पुढे बाईंचा नवा एक्स-रे आला. सर माझ्यावरच ओरडले, नावांची अदलाबदल केलीस म्हणून! दुसरा काढला, तोही तसाच. गाठ जवळजवळ दिसेचना. सर खुर्चीत बसून राहिले. एवढीशी गोळी!

*

त्याच दिवशी शेठजी बाहेर बसले होते. दोन शब्दांत धाप लागायची. बाईंकडून त्यांनी तो एक्स-रे मागून घेतला आणि खिडकीकडे धरून पाहिला. मला वाटलं, आता हे रडणार. ते बाईंना म्हणाले, "ताई, एक लंबा श्वास घेऊन दाखवा ना."

बाई लाजल्या. मग पदर सावरून त्यांनी छाती भरून श्वास घेतला, सोडला. खोकला नाही, काही नाही.

शेठजी डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "और एक."