चष्म्याची कादंबरी

चष्म्या माझा शाळेपासूनचा मित्र. आता पासष्टीला आलाय, मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यापासून चष्माही लागत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याची बायकोसुद्धा चिडली की त्याला चष्म्याच म्हणते.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर त्याने अख्खी नोकरी काढली. टेबलाचा खण अर्धा उघडा, खणात पुस्तक, आणि समोर नळाला पाणी येत नाही म्हणून तावातावाने बोलणारा माणूस. चष्म्या मान खाली घालून ऐकायचा. लोकांना वाटायचं, बिचारा किती शरमलाय. तो पान संपवत असायचा. बढती चालून आली तेव्हा त्याने साहेबांना सांगितलं, मला खिडकीच बरी. वरच्या मजल्यावरच्या टेबलांना खण नव्हते.

वाचायचा काय, तर सगळं. रहस्यकथा, भाषांतरं, चरित्रं, पुडी बांधून आलेला कागद. आणि माझ्या कादंबऱ्या. त्या त्याने प्रत्येकी दोनदा तरी वाचल्या आहेत. माझ्या बायकोने सगळ्या मिळून दोन वाचल्या, त्यातली एक आजारपणात, दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून.

मी लेखक आहे आणि थकलोय, हे सरळच सांगून टाकतो. लिहायचा कंटाळा येतो ते एक वेळ चालतं, लोक त्याला चिंतन म्हणतात. पण मला वाचताच येईनासं झालंय. पुस्तक उघडतो, दोन पानं होतात आणि हात आपसूक मोबाइलकडे जातो. मग कुणीतरी माणूस गंजलेली कात्री घासूनपुसून लख्ख करत असतो, ते मी बघत बसतो. त्यात शब्द नाही, गोष्ट नाही, शेवटी कात्री चकाकणार हे आधीच ठाऊक, तरी डोळे हलत नाहीत. सिनेमा बघायचा धीर उरला नाही म्हणून दहा मिनिटांत अख्खा सिनेमा सांगणाऱ्या पोरांचे व्हिडिओ बघतो, तेही दीडपट वेगाने. चार लोकांत गेलं की जो तो विचारतो, अमकी सिरीज पाहिलीत का, तुम्ही लेखक ना, उपयोगी पडेल. मी मान डोलावतो. पोटापाण्यासाठी एका ऑडिओ ॲपला मालिका लिहून देतो, तिथे प्रत्येक भागाच्या शेवटी कुणीतरी दार ठोठावावं लागतं. आता घरची बेल वाजली तरी मला वाटतं, चला, भाग संपला.

माझी ही अशी गत असताना चष्म्याने कादंबरी लिहिली.

निवृत्तीनंतर काही वर्षं तो घरात बसून काहीतरी खरडतोय एवढंच वहिनींना माहीत होतं. एका सकाळी तो जाडजूड गठ्ठा घेऊन माझ्याकडे आला आणि तो टेबलावर ठेवून त्याने हात झटकले.

"तूच पहिला," तो म्हणाला. "हिलासुद्धा दाखवली नाही."

"छापायचीय?"

"ते नंतर बघू. आधी एवढंच सांग, यात जीव आहे का. नसेल तर नाही म्हण. मी जन्मभर दुसऱ्यांचं वाचलं रे. माझं स्वतःचं काही सांगण्यासारखं आहे का नाही, एवढं मला मरायच्या आत कळायला हवं. दुसरं कुणी खरं सांगणार नाही मला."

मी मोठ्या तोंडाने हो म्हटलं. त्या दुपारी पहिलं पान वाचलं. एक माणूस खिडकीत उभा आहे, बाहेर पाऊस. दुसऱ्या पानावरही तो खिडकीतच होता. मग मोबाइल वाजला.

महिन्याने चष्म्या आला. खुर्चीत टेकायच्या आधीच त्याने विचारलं, "वाचलीस?"

तेव्हाच खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण तोंडून निघून गेलं, "वाचली." आणि वाचली म्हटल्यावर काहीतरी बोलणं आलं. मला घाम वगैरे फुटला नाही. जन्मभर गोष्टी रचल्या की दुसऱ्याची उरलेली गोष्टही रचता येते. पहिल्याच पानावर माणूस खिडकीत उभा असेल तर तो कुणाची तरी वाट बघत असतो, आणि बायकोची वाट बघणारा माणूस दोन पानं उभा राहत नाही.

"थोरला भाऊ परत येतो ना, तो भाग चांगला उतरलाय," मी खडा टाकून पाहिला.

चष्म्याचे कान लाल झाले. शाळेत शाबासकी मिळाली की व्हायचे तसेच.

"तुला आवडेल वाटलंच होतं मला."

"आणि भावजय. ती काही बोलत नाही, नुसती वाढत राहते. तिथे तू संयम राखलायस."

"अरे, ते कितीदा लिहिलं आणि कितीदा खोडलं!"

मग मला चेवच आला. वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ काढलं, ते निघालं. भावाभावांचं जिन्यातलं भांडण काढलं, तेही होतं. शेवटी नायक रिकाम्या घरात बसून वाक्य अर्धवट सोडतो, तेही बरोबर. एखाद्या पुस्तकावर इतकं बोलून मला किती दिवस झाले होते. मी खरोखर खुशीत आलो होतो.

"एकच सांगतो," मी म्हणालो, कारण थोडी खोड काढल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही. "स्टेशनवरचा निरोप लांबलाय. गाडी गेल्यावरही तो हात हलवत उभा राहतो, तेवढं काप."

चष्म्या म्हणाला, "तो प्रसंग मी कापला."

"बरं केलंस."

"तुला द्यायच्या आधीच कापला. या गठ्ठ्यात स्टेशनच नाही."

आतल्या खोलीत बायको फोनवर बोलत होती, तिचा शब्दन् शब्द ऐकू येऊ लागला.

"दोन पानं वाचली," मी म्हणालो. "मला हल्ली वाचताच येत नाही रे. तुझंच असं नाही, कुणाचंच. सांगायची लाज वाटते."

तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं.

"वाचली नाहीस, त्याचं एवढं काही नाही," तो म्हणाला. "न वाचता सगळं बरोबर सांगितलंस, त्याचं मी काय करू?"

परत येणारा भाऊ माझ्या तिसऱ्या कादंबरीतला होता. न बोलणारी भावजय पाचवीतली. घड्याळ तर मी इतकं वापरलंय की एका समीक्षकाने त्यावरून माझी टर उडवली होती. त्याने कापलेलं स्टेशनसुद्धा माझंच होतं. मी त्याची कादंबरी ओळखली असं मला वाटत होतं, पण मी माझ्याच कादंबऱ्या आठवत बसलो होतो.

चष्म्याने गठ्ठा पुढ्यात ओढला आणि त्याची दोरी सोडली. "मी वाचतो," तो म्हणाला. "पुढचं माहीत असेल तिथे हात वर कर. आता तरी खोटं बोलू नकोस."

तो वाचायला लागला. दोन ओळी झाल्या की माझा हात वर जायचा. तो ते पान डावीकडे ठेवायचा आणि पुढचं घ्यायचा. बायको चहा ठेवून गेली, जाताना "भावजी, जेवूनच जा" म्हणाली, त्याने मान हलवली. डावीकडचा ढीग वाढत होता. चष्म्याचा आवाज बसला होता. मला हात वर करायचाही शीण आला होता, जीव नकोसा झाला होता, पण निदान एवढं तरी खरं करावं म्हणून करत राहिलो. त्याने एकदाही विचारलं नाही, की हे माहीत असलं तरी चांगलं आहे ना.

जेवणं झाल्यावर तो पुन्हा वाचायला बसला. आता नायक ऑफिसात खिडकीवर होता. शिपाई निरोप घेऊन येतो, बायकोला दवाखान्यात नेलंय, ताबडतोब निघा. नायक खणातलं पुस्तक न मिटता म्हणतो, आलोच, एवढं प्रकरण संपवतो. आणि तो खरंच संपवतो. दवाखान्यात पोचतो तोवर मुलगी झालेली असते, बायको भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. सासू विचारते, एवढा उशीर? तो म्हणतो, ऑफिसात गर्दी होती. मुलीला त्याच्या हातात देतात. तो तिच्याकडे बघत असतो आणि डोक्यात ते प्रकरणच चालू असतं.

माझा हात मांडीवरच राहिला. चष्म्या वाचत गेला, एक पान, दुसरं, तिसरं. ते प्रकरण संपलं तेव्हा मी विचारलं, "हे खरंय?"

"हो."

"वहिनींना माहीत आहे?"

"तिला गर्दीच माहीत आहे. लेकीलाही."

"कुठलं पुस्तक होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुझी दुसरी कादंबरी. पूल वाहून जातो ते प्रकरण."

मी खूप आठवून पाहिलं. पूल आठवेना. त्या पुलावर कोण होतं तेही आठवेना. ज्या प्रकरणापायी हा माणूस लेकीच्या जन्माला उशिरा पोचला, त्यातलं एक वाक्य मला सांगता आलं नसतं. मला वाईट वाटलं. आणि आत कुठेतरी बरंही वाटलं, त्याची मला जास्त शिसारी आली.

दवाखान्याचं प्रकरण उजवीकडे ठेवून त्याने उरलेली पानं वाचली. ती सगळी डावीकडे गेली. संध्याकाळी टेबलावर डावीकडे वीतभर ढीग होता आणि उजवीकडे बोटभरही नाही.

"यात जीव आहे?" त्याने उजवीकडच्या पानांवर हात ठेवून विचारलं.

"आहे," मी म्हणालो. त्याच्या लिखाणाबद्दल मी बोललेलं हे पहिलं पूर्ण खरं वाक्य होतं.

ती पानं त्याने पिशवीत घातली. "म्हणजे आता आधी हिला वाचून दाखवायला हवं," तो म्हणाला आणि गुडघ्यांवर हात रेटून उठला. तोंड उतरलं होतं.

मी डावीकडचा ढीग उचलून त्याच्यापुढे धरला. "हे राहिलं."

"ते तुझं आहे," तो म्हणाला. "ठेव तुझ्याकडे."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून मी ढीग परत टेबलावर ठेवला.