तीन फेरे उघडी चावी

चावीकाकांनी जुन्या पेठेला छत्तीस वर्षं पाणी सोडलं. जमिनीखाली दगडी कमानींची भलीमोठी टाकी, तिच्या पाणी सोडायच्या बारा चाव्या आणि खांद्यावर लांब लोखंडी पाना टाकून फिरणारे काका, एवढाच सगळा कारभार. पुढे घरोघरी नवी पाइपलाइन आली, काका निवृत्त झाले, तरी रोज सकाळी स्वारी टाकीच्या दारात हजर. कोणी हसलं तर म्हणायचे, "पेन्शन मला लागू झाली, टाकीला नाही."

आता पेठेचा कायापालट होणार होता. त्यासाठी आलेली इंजिनिअर त्यांच्या धाकट्या लेकीच्या वयाची. तिने चाचणी ठरवली: टाकी काठोकाठ भरायची, आत येणारं पाणी बंद करायचं, भिंतीवर खडूची रेघ मारायची आणि एक दिवस थांबायचं. पाणी रेघेवर राहिलं तर टाकी दुरुस्त करून पुन्हा वापरात येणार. उतरलं तर आत डबर भरून वर गाड्या लावायला जागा.

"थेंब गळायचा नाही," काकांनी छातीठोक सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाणी चार बोटं खाली होतं.

काका घरी येऊन ताटावर नुसते बसून राहिले. काकूंनी जन्मभर लोकांचे कपडे धुतले. परसातल्या भिंतीतून करंगळीएवढी धार बारा महिने यायची, तिच्यावरच त्यांचा धंदा उभा राहिला. हा माझ्या नशिबाचा झरा, असं त्या अख्ख्या पेठेला ऐकवत. नवऱ्याची समजूत काढायला म्हणाल्या, "अहो, दगडाच्या पोटातलं पाणी असं जात नसतं. माझा झरा बघा, कधी आटला का?"

काकांचा घास हातातच राहिला.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, पोटुशी असताना, काकू लांबून पाणी वाहायच्या. काकांना ते बघवेना. टाकीतून परसाकडे जाणारी एक बाद नळी होती. तिची चावी त्यांनी गुपचूप तीन फेरे उघडली, वर फरशी बसवली आणि वहीत लिहिलं, 'बंद'. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की तेही झराच म्हणू लागले.

आता सांगावं तर आयुष्यभराचं नाव मातीत, आणि काकूंचा झराही गेला. न सांगावं तर टाकी डबराखाली. काका न जेवताच उठून टाकीकडे निघाले, ते चष्माही विसरले.

"टाकीचा दोष नाही, बाई. पाणी मी चोरलं," त्यांनी इंजिनिअरला सगळं सांगितलं. मागे वळले तर चष्मा हातात घेऊन काकू उभ्या.

"म्हणजे झरा नव्हताच?"

"नव्हता."

"आणि मी इतकी वर्षं नशिबाचे गोडवे गातेय!"

इंजिनिअर हलकेच म्हणाली, "काका, चावी तुम्हीच बंद करा. पुन्हा भरून बघू."

गंजलेली चावी काकांना एकट्याने हलेना. काकूंनी पान्याला हात लावला. दोघांनी मिळून तीन फेरे फिरवले.

या वेळी पाणी रेघेवरच राहिलं. टाकी वाचली. काकांचे डोळे भरून आले, पण परसातली कोरडी भिंत त्यांच्या मनातून हलेना. तेवढ्यात काकू दोन रिकाम्या बादल्या घेऊन टाकीच्या दारात आल्या.

"झरा तुम्हीच होतात ना? मग भरा."

काकांनी बादल्या भरल्या आणि परसापर्यंत स्वतः वाहून नेल्या.